नांदेड-लातूरच्या मोटार-मिस्त्री बंधूंस अनावृत पत्र

मुक्काम नांदेड

सन्माननीय उस्ताद व मिस्त्री बंधूंनो,



ज्यांच्या हातांच्या भरवशावर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील बहुतेक वाहने रोज सकाळी घराबाहेर पडतात आणि रात्री सुखरूप परत येतात, त्या आपणां सर्वांस उघडपणे चार शब्द सुनावण्याची वेळ यावी, हे मला फारसे रुचलेले नाही. कारागिराशी बोलायचे ते त्याच्या गॅरेजात, बोनेट वर उचललेले आणि चहाचा पेला हातात असताना बोलावे, छापील मजकुरातून बोलू नये, हाच शिष्टसंमत मार्ग होय. आणि त्या मार्गाने मी बरेच दिवस गेलोही आहे. परंतु ज्या तक्रारी मी एका गॅरेजात मांडल्या त्याच दुसऱ्या गॅरेजात, आणि शहर बदलल्यावर तिसऱ्यात, जशाच्या तशा मांडाव्या लागल्या, आणि प्रत्येक ठिकाणी "काही होत नाही साहेब, बिनधास्त चालवा" या एकाच अभयदानावर माझी बोळवण झाली, तेव्हा हा दोष कोणा एका माणसाचा नसून सबंध व्यवसायाच्या वहिवाटीचा आहे अशी माझी खात्री पटली. आणि वहिवाटीविरुद्ध दाद मागायची तर ती चारचौघांतच मागावी लागते. म्हणून हे पत्र. यात कोणाचे नाव नाही, कोणत्याही गॅरेजची पाटी नाही. ज्याला यातले काही लागू पडेल त्याने ते आपल्यापुरते घ्यावे.

माझी गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, दहावी आवृत्ती. हिंदुस्थान मोटर्सने १९९८ पासून चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात बांधलेल्या साध्या लान्सरशी तिचे नाव जुळते. पण स्वभाव मुळीच जुळत नाही. १९९२ साली रॅलीच्या शर्यतींसाठी म्हणून जे घराणे जपानात उदयास आले, आणि ज्या घराण्याच्या गाडीतून फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी लागोपाठ चार वर्षे जागतिक अजिंक्यपद पटकावले, त्या घराण्याची ही शेवटची पिढी. दोन लिटरचे, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकचे इंजिन. टर्बोच्या बळावर तीनशेच्या घरात पोहोचणारी अश्वशक्ती. चारही चाकांना मिळणारी गती. आणि दोन क्लचांची गिअरपेटी, असा हा सरंजाम आहे. २०१०च्या सुमारास ती जपानहून तयार स्थितीत भारतात विकावयास आली, मोजक्याच हौशी लोकांनी घेतली, २०१६ मध्ये जपानातील तिचे उत्पादनही थांबले, आणि ज्यांनी ती इकडे विकली त्यांचा मोटारींचा पसाराही आता आवरला गेला आहे. मुंबईच्या एका गृहस्थाकडून मी ती विकत घेतली, ना-हरकत दाखला आणला, कर भरला, आणि एम. एच. २६ ची पाटी लावून घेतली. तात्पर्य, अशा गाडीच्या मालकाला कंपनीचा दरवाजा आज उघडा नाही. असेल तो आपलाच.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल की, हे श्रीमंताच्या हौसेचे गाऱ्हाणे झाले. ज्या मुलखात टँकर, ट्रॅक्टर आणि वडाप यांच्या दुरुस्तीलाच दिवस पुरत नाही तिथे या जपानी नखऱ्यासाठी वेळ कोणी काढावा? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तरही तितकेच सरळ आहे. पुढे ज्या चुका मी मांडणार आहे त्या आपण केवळ माझ्या गाडीच्या बाबतीत करीत नाही. त्या आपण प्रत्येक गाडीच्या बाबतीत करता. गावातली साधी गाडी ती चूक सहा महिने पोटात घालून चालत राहते, आणि ही गाडी तीच चूक सहा दिवसांत उघडी पाडते, एवढाच काय तो फरक.

शिवाय परदेशी यंत्र सांभाळण्याची विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असताना, १९३२ साली, निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याने हैदराबाद संस्थानात प्रवासी मोटारींची सेवा सुरू केली. त्या पहिल्या २७ बसगाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. सात समुद्रांपलीकडून यंत्र आणायचे आणि दख्खनच्या धुळीत ते चालते ठेवायचे, हे काम आपल्या आजोबांच्या पिढीने केलेले आहे. आणि ज्या काळी एखादा सुटा भाग मागवला तर तो बोटीने यायचा, त्या काळी तो भाग खराब होऊ न देणे हीच खरी दुरुस्ती होती. माझ्या गाडीची स्थिती आज तीच आहे.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार नट-बोल्ट आवळण्याविषयी. चाकाचा नट आवळताना पान्याच्या दांडीला मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप जोडावयाचा आणि त्याच्या टोकावर एखाद्या शागिर्दाला उभे करून दोन हिसके द्यावयास लावायचे, ही चाल मी दोन्ही शहरांत पाहिली आहे. मित्सुबिशीने या नटासाठी ८८ ते १०८ न्यूटन-मीटर एवढा जोर ठरवून दिला आहे. साठ किलो वजनाचा मुलगा मीटरभर पाइपाच्या टोकाशी उभा राहिला की तोच जोर सहाशेच्या जवळ जातो, हा हिशेब शाळकरी पोरही करील. परिणाम काय होतो? स्टड ताणला जातो, ब्रेकची डिस्क आपल्या बैठकीवर वाकडी बसते, आणि पुढे ताशी शंभरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागते. मग "डिस्क गेली साहेब, नवी घ्या" असा निकाल मिळतो. चाकाच्या बाबतीत हे, तर इंजिनाच्या बाबतीत काय सांगावे! जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचा आणि ट्रकचा ब्लॉक बिडाचा होता. त्याने आपल्या मनगटाचा जोर निमूटपणे सोसला. अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट अंदाजाने पिळला की आटे जातात, आणि एकदा आटे गेले की त्या जागी वेटोळे बसवून वेळ मारून न्यावी लागते. इंजिनाच्या हेडचे बोल्ट तर ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने, आणि शेवटी ठरलेल्या अंशांतून फिरवून आवळायचे असतात. तिथे "माझ्या हाताला बरोबर कळतं" हे विधान, बोलणाऱ्याचा अनुभव तीस वर्षांचा असला तरी, मान्य करता येत नाही.

दुसरी तक्रार उष्णतेविषयी आहे. गेल्या सोयाबीनच्या हंगामात, रस्त्यालगतच्या शेतांतून मळणीयंत्रे घरघरत असताना आणि त्यांचा भुसा वाऱ्यावर सबंध रस्ताभर उडत असताना, लातूरहून नांदेडकडे येता येता माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. वाटेतल्या एका गॅरेजात गाडी थांबवली. तेथील मिस्त्रींनी बोनेट उघडले, घटकाभर विचार केला, नळी सोडली, थर्मोस्टॅट बाहेर काढला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ही चीज आपल्या हवेला लागतच नाही, थंड मुलखासाठी असते." दहा-पंधरा मिनिटांचे काम, माफक मजुरी, आणि काटा खाली. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की, थर्मोस्टॅट हा इंजिनाला थंड करण्यासाठी नसून त्याला योग्य उष्णतेवर स्थिर ठेवण्यासाठी असतो. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तो उघडतो आणि त्याच्या आत मिटतो. तो काढून टाकला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन कायम अर्धवट थंड राहते. गाडीच्या संगणकाला वाटते की इंजिन अजून तापायचे आहे, म्हणून तो पेट्रोल अधिक सोडतो. ते जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात मिसळते, आणि पिस्टनच्या रिंगा अकाली झिजतात. रोग मुळात निराळाच होता. या गाडीत समोर आधी टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याच्या मागे वातानुकूलनाचा कंडेन्सर, आणि सर्वांत मागे रेडिएटर अशी तीन जाळ्यांची रांग आहे. तिच्या फटींत सोयाबीनचा भुसा नमद्यासारखा घट्ट बसला होता. घरी आल्यावर बंपर उतरवून, मऊ कुंचल्याने आणि मागून पुढे सोडलेल्या हलक्या हवेने तो काढला, थर्मोस्टॅट पुन्हा जागेवर बसवला, आणि तेव्हापासून काटा आपल्या जागी स्थिर आहे. हाच भुसा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने काढू पाहाल तर जाळीच्या नाजूक पात्या आडव्या होतील आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होईल, हेही याच ओघात सांगून ठेवतो. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे आता तरी बंद करा. ज्या पाण्याने आपल्या घरच्या बादल्यांवर पांढरी पुटे चढतात तेच पाणी इंजिनाच्या अंतर्भागात काय करीत असेल, याचा विचार कूलंटची बाटली महाग वाटते त्या क्षणी करावा.

तिसरी तक्रार तेलाविषयी. "टर्बोची गाडी म्हणजे जाड तेल" हा आपला सिद्धांत नेमका कोणत्या ग्रंथातून आला हे मला आजवर समजलेले नाही. बहुधा तो ट्रकच्या जुन्या डिझेल इंजिनांवरून आला असावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो ज्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो तो थर गाडी सुरू होताच त्याला मिळाला पाहिजे. याच तेलाच्या दाबावर या इंजिनातील व्हॉल्व्हांची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणाही चालते, आणि तिच्या वाटा फार अरुंद असतात. जाड तेल तिथे वेळेवर पोहोचत नाही. तेव्हा कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल, तेही मुदतीआधी बदललेले, एवढेच पथ्य आहे. गिअरपेटीचे तेल निराळे, मागच्या डिफरन्शियलचे निराळे. "ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल" या न्यायाने दोन क्लचांच्या पेटीत वाटेल ते लाल तेल भरणे म्हणजे तिच्या मरणाची तारीख ठरवणे होय. आणखी एक गोष्ट आपल्या काळ्या मातीच्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मागच्या चाकांमध्ये जोर वाटून देणारी जी यंत्रणा या गाडीत आहे, तिचा पंप मागच्या चाकाच्या आड बसवलेला असून गंज हा त्याचा जगभरचा प्रसिद्ध शत्रू आहे. इंग्लंडात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे तो पंपाला खातो, आपल्याकडे पावसाळाभर चिकटून राहिलेल्या चिखलामुळे खाईल. गाडी धुताना वरून चकाकी आणणाऱ्या शागिर्दाने चाकाआडचा तो चिखल काढला, तर मालकाचे लाखभर रुपये वाचवल्याचे पुण्य त्याला लागेल.

चौथी तक्रार पिवळ्या दिव्याची. इंजिनाच्या आकृतीचा जो दिवा समोरच्या पटावर लागतो तो गाडीचा अर्ज असतो. त्यात तिने आपली कैफियत सांकेतिक क्रमांकांत लिहून ठेवलेली असते. तो अर्ज न वाचता निकाली काढण्याचे तीन प्रकार मी पाहिले आहेत: बॅटरीची तार घटकाभर सोडून दिवा विझवणे, यंत्र लावून क्रमांक न टिपताच पुसून टाकणे, आणि सर्वांत साहसी प्रकार म्हणजे दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवणे. ज्या सेन्सरने खरी बातमी दिली त्यालाच तारा जोडून मुका करायचा, आणि मग पुढे सहा महिन्यांनी पिस्टन वितळला की "जपानी माल आता पूर्वीचा राहिला नाही" असा शेरा मारायचा, हा न्याय कोणत्याही दरबारात टिकणार नाही. तारा जोडायच्याच असतील तर त्या पिळून वर टेप गुंडाळू नका. डाख द्या किंवा योग्य जोड दाबून बसवा, कारण पावसाळ्यात टेपखाली हिरवा गंज धरतो आणि तो शोधायला पुढच्या मिस्त्रीचा आठवडा जातो.

पाचवी तक्रार फेरफारांविषयी आहे, आणि इथे आपल्याबरोबर आमचे तरुण मालकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगची दोन वेटोळी कटरने कापून टाकायची. आवाज यावा म्हणून सायलेन्सर पोकळ करायचा. उत्प्रेरकाची जाळी काढून तिथे सरळ नळी जोडायची. आणि एवढे झाले की कोणा परक्या मुलखातून आणलेली आज्ञावली गाडीच्या संगणकात भरून अश्वशक्ती वाढल्याची द्वाही फिरवायची, हा आजचा शिरस्ता आहे. कापलेली स्प्रिंग ही त्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसाठी केलेली स्प्रिंग राहत नाही. लोह्याच्या किंवा चाकूरच्या पहिल्याच गतिरोधकावर ती आपटते, आणि वळणावर चाकाचा कोन बदलून टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. सायलेन्सरच्या आवाजाबद्दल लातूरकरांना मी वेगळे काय सांगावे? ज्या शहरात राज्यभरातून आलेली मुले खोल्या भाड्याने घेऊन मध्यरात्रीपर्यंत प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत बसतात, त्याच शहरातल्या गल्ल्यांतून फटाक्यांसारखा बार काढीत जाणे हा पराक्रम नव्हे.

आज्ञावलीची गोष्ट अधिक गंभीर आहे. जपानात अशा गाडीत सुमारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरतात. आपल्याकडील साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ चे होते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये विकावयास काढले तेही पुणे-मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे, आणि त्यात आपल्या मांजराकाठच्या उसाचाही वाटा आहे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने आनंदाचीच गोष्ट होय. परंतु इंजिनाचे गणित त्यामुळे बदलते: एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला ९ च भाग. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी केलेले नसतात, त्या नळ्याही तपासाव्या लागतात. हे काहीच न मोजता, पंपावर काय भरले आहे हे न विचारता, दुसऱ्या देशाच्या पेट्रोलसाठी लिहिलेली आज्ञावली भरून टर्बोचा दाब वाढवला, तर बेचाळीस अंशांच्या मराठवाडी उन्हात मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेऊ लागते, इंजिन ठोकू लागते, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मुळात जे तपशील ठरवले आणि जे नोंदणीपुस्तकात चढले, त्यांच्याशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिक्षा मालकाला होते हे खरे. परंतु कटर आपल्या हातात होता. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला अंग काढून घ्यायला एवढे निमित्त पुरते. वरच्या यादीतील एकाही फेरफाराने गाडी लातूरहून नांदेडला अधिक सुखरूप पोहोचत नाही. याउलट झिजलेले बुश, सैल झालेले इंजिनाचे माउंट, ओल शोषून निकामी झालेले ब्रेकचे तेल आणि कडक पडलेले टायर, हे सारे मूळ मापाने नवे केले तर माझ्या गाडीला पुन्हा तारुण्य येते, आणि त्यासाठी कोणत्याही कलमाची भीती बाळगावी लागत नाही.

सहावी तक्रार मालाची आणि पावतीची. सुटे भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून येवोत, मुंबईच्या कुर्ल्यातून येवोत की दुबईहून येवोत, मला त्याचे वावडे नाही. जुन्या गाडीतून काढलेला अस्सल भाग नव्या नकली भागापेक्षा पुष्कळदा बरा असतो. परंतु तो जुना आहे हे मला आधी सांगितले पाहिजे, आणि "सामान व मजुरी" अशा दोन शब्दांखाली एक ठोक आकडा लिहिलेली कच्ची चिठ्ठी ही पावती म्हणून माझ्या हातावर ठेवू नये.

इतके लिहिल्यावर आपली बाजू न मांडणे हा अन्याय ठरेल. कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तके, तपासणीची यंत्रे आणि अस्सल सुटे भाग आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरते राखून ठेवले आणि स्वतंत्र मिस्त्रीला त्यापासून दूर ठेवले, ही आपली जुनी तक्रार खरी आहे. इतकी खरी की, भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी दोषी धरून सर्व मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या चौदांत हिंदुस्थान मोटर्सही होती. अपिलांत पुढे रकमेचा वाद झाला. परंतु रस्त्यावरच्या मिस्त्रीलाही माहिती आणि सुटे भाग मिळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालाने देशाच्या दफ्तरी नोंदवले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जी व्यवस्था सुरू केली तिच्यातही मोटारींचा समावेश आहे. माझा प्रश्न एवढाच की, हा हक्क आपल्यासाठी दुसऱ्यांनी मिळवून दिला असताना आपण त्याचा उपयोग किती केला? पुस्तक मागितले किती जणांनी? आमच्या मालकवर्गाचा दोषही लहान नाही. चाकांच्या रंगावर पन्नास हजार उधळणारा गृहस्थ रोगनिदानाच्या दोन तासांची मजुरी द्यायची वेळ आली की "तुम्ही तर नुसतं बघितलं" असे म्हणतो. आणि बघण्याचा मोबदला मिळत नसेल तर मिस्त्री न बघताच भाग बदलू लागतो, यात नवल नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा:

एक, प्रत्येक गॅरेजात टॉर्क पाना असावा, तो भिंतीवर शोभेसाठी टांगलेला नसावा, आणि अधूनमधून तपासून घेतलेला असावा. नांदेडात गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. मापनाच्या शंकांसाठी त्यांचे दार ठोठावण्यात कमीपणा नाही.

दोन, प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, बदललेल्या भागाचा क्रमांक, बोल्ट किती जोराने आवळला तो आकडा, आणि खाली काम करणाऱ्याची सही. निस्सानच्या जीटी-आर या गाडीचे इंजिन योकोहामाच्या कारखान्यात एकच निष्णात कारागीर हाताने जुळवीत असे आणि त्याच्या नावाची पट्टी त्या इंजिनावर लागत असे. डिसेंबर २०१६ मध्ये ती गाडी भारतात १ कोटी ९९ लाख रुपयांना विकावयास आली तेव्हा गिऱ्हाईक त्या नावाचेही मोल देत होते. आपल्या सहीला तेच मोल यावे, अशी माझी इच्छा आहे.

तीन, पिवळा दिवा लागला तर क्रमांक आधी वहीत उतरवावा, मग कारण शोधावे, आणि दुरुस्ती झाल्यावरच तो पुसावा.

चार, काढलेला प्रत्येक जुना भाग, न मागता, मालकाच्या हवाली करावा, आणि पक्की पावती द्यावी.

पाच, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणारी मुले आपल्या दोन्ही शहरांत आहेत. त्यांना रीतसर उमेदवार म्हणून ठेवावे, विद्यावेतन द्यावे, आणि "असं कर" या आज्ञेबरोबर "असं का" हेही शिकवावे. उस्तादाने कारण सांगितले नाही की शागिर्द चूकही तितक्याच निष्ठेने पुढच्या पिढीला देतो.

सहा, आणि ही सर्वांत कठीण: नाही म्हणायला शिकावे. स्प्रिंग कापून दे म्हणणाऱ्या तरुणाला, जाळी काढून टाक म्हणणाऱ्या हौशी माणसाला, दिवा विझवून दे म्हणणाऱ्या घाईच्या गिऱ्हाइकाला आपण परत पाठवलेत तर एक दिवसाची मजुरी बुडेल. पण हेच उत्तर त्याला दोन्ही शहरांतल्या दहा गॅरेजांत मिळाले तर तो अकराव्या ठिकाणी जाणार नाही.

आमच्या बाजूने मीही करार लिहून देतो. निदानाच्या वेळेचे पैसे, दोष सापडो वा न सापडो, द्यावे. घासाघीस करावी ती सुट्या भागाच्या दरावर, मिस्त्रीच्या वेळेवर नव्हे. आणि "आजच्या आज पाहिजे" हा हट्ट सोडावा, असे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक मोटारधारकाला सांगत आलो आहे आणि सांगत राहीन.

आपल्या हातांत कसब आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. ते नसते तर हे पत्र लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते. कसबाला मापाची जोड हवी, एवढेच मागणे आहे. पुढच्या खेपेस गाडी घेऊन आपल्या दारी येईन तेव्हा मजुरी विचारण्याआधी टॉर्क पाना आणि वही दाखवा असे म्हणेन. दोन्ही असतील तर आपण सांगाल ती मजुरी देईन; नसतील तर गाडी तशीच परत नेईन, आणि इतरांनीही तसेच करावे अशी त्यांना विनंती करीन.



आपला नम्र,
एम. एच. २६ चा एक मोटारधारक